विषाणू कळला, गाय कळायची आहे

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी हा गुरांचा त्वचारोग महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासच्या गोठ्यांत दोन तऱ्हेची जनावरं एकाच दावणीला बांधलेली होती. एक खिलार, म्हणजे आटपाडी आणि म्हसवडच्या माळावर वाढलेला, दुष्काळात तग धरणारा वंश. दुसरी एच.एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या किटलीत दूध घालून घर चालवणारी. विषाणूने दोघींनाही गाठलं आणि लसीकरणानेही दोघींत भेद केला नाही. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केला, जनावरांचे बाजार आणि बैलगाडा शर्यती थांबल्या आणि २०१९ च्या पशुगणनेत १ कोटी ३९ लाख भरलेल्या राज्यातल्या गोवंशापैकी बहुतेकांना गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीवरची लस टोचली गेली. त्या घाईत तेच शहाणपणाचं होतं, कारण शेळ्यांच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचा जनुकीय मजकूर ९६ ते ९७ टक्के जुळतो. पण साथ ओसरल्यावर एक प्रश्न मागे उरतो. टोचलेल्या लशीतला जो तुकडा खिलारीच्या शरीराने शत्रू म्हणून ओळखला, तोच तुकडा शेजारच्या संकरित गायीच्या शरीराने ओळखला का? या प्रकरणाचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे. संगणकाच्या मदतीने लशीची लक्ष्यं शोधण्याचं शास्त्र आज विषाणूच्या बाजूने भक्कम आहे आणि गायीच्या बाजूने अपुरं आहे. सांगली-साताऱ्याच्या गोठ्याला त्याचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर पुढचा पैसा आणि पुढचे कष्ट गायीच्या बाजूला लागले पाहिजेत.

आधी विषाणूची बाजू पाहू, कारण ती खरोखरच समृद्ध आहे. लम्पीच्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय मजकूर २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ लाख ५१ हजार अक्षरं आणि त्यांत १५६ संभाव्य जनुकं. लाळ्या-खुरकुत या गुरांच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू त्यापुढे इवलासा, जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा. भारतात लम्पी पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात नोंदला गेला. त्यानंतर रांची, हैदराबाद इथल्या नमुन्यांचं वाचन झालं. २०२२ च्या साथीतले नमुने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने वाचले, तेव्हा देशात एक नव्हे तर दोन वेगळ्या धाटणीचे विषाणू फिरत असल्याचं दिसलं. हा मजकूर जगात कुठेही बसून उतरवून घेता येतो. मग शोध सुरू होतो तो असा. दीड लाख अक्षरांचं प्रथिनांच्या भाषेत रूपांतर केलं की साधारण ४७ हजार अमिनो आम्लांची लांबी हाती येते. त्यावरून नऊ-नऊ अमिनो आम्लांचे तुकडे, दर वेळी एकच घर पुढे सरकत, काढत गेलं की जवळपास तेवढेच, ४७ हजारांच्या घरातले तुकडे तयार होतात. प्रत्येक तुकड्याबद्दल संगणक एकच अंदाज बांधतो, की गायीच्या अमुक एका रेणूच्या खाचेत हा तुकडा घट्ट बसेल का. रूढ पद्धतीत क्रमवारीतले वरचे दोन टक्के ‘बसण्याजोगे’ आणि वरचा अर्धा टक्का ‘घट्ट बसणारे’ मानतात. म्हणजे एका विषाणूचे एका रेणूसाठी नऊशेवर उमेदवार, आणि कडक निवड केली तरी दोनशेवर. हे काम साध्या संगणकावर तासाभरात होतं. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला प्रयोगशाळेची हयात लागली असती, ते एवढं सोपं झालं आहे, आणि ही या शास्त्राची खरीखुरी कमाई आहे.

‘अमुक एका रेणूच्या’ हे शब्द वर सहज येऊन गेले, पण सगळी मेख तिथेच आहे. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून त्यांतले काही बाहेरच्या बाजूला मांडून ठेवते. मांडण्याचं काम करणाऱ्या रेणूंना माणसात एच.एल.ए. म्हणतात, गोवंशात बी.ओ.एल.ए. रक्तातून गस्त घालणाऱ्या टी-पेशी ही मांडणी तपासतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी, आतल्या विषाणूसकट, संपवतात. देवीच्या कुळातल्या विषाणूंशी लढताना प्रतिपिंडं लागतात, तशाच या टी-पेशीही लागतात. मांडणाऱ्या रेणूच्या खाचेत कोणता तुकडा बसेल हे खाचेच्या घडणीवर ठरतं आणि ती घडण प्रत्येक जनावराच्या आनुवंशिक वारशावर. गोवंशात डी.आर.बी.३ या एका जनुकाचेच तीनशेहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. नऊ अमिनो आम्लांचे तुकडे मांडणाऱ्या पहिल्या वर्गाच्या रेणूंची तऱ्हा तर आणखी वेगळी. माणसात या वर्गाची ए, बी, सी अशी तीन जनुकं प्रत्येकाकडे असतातच. गोवंशात अशी सहा जनुकं ओळखली गेली आहेत, पण आईकडून किंवा बापाकडून आलेल्या एका संचावर त्यांतलं एक, दोन किंवा फार तर तीन कामात असतात, आणि नेमकी कोणती, ते संचागणिक बदलतं. माणसासाठी घडवलेली गणिती पद्धत गायीला जशीच्या तशी लावली, तर पहिल्या पायरीवरच चूक होते. जी खाच त्या गायीकडे नाहीच, तिच्यात बसणारे तुकडे आपण निवडत बसतो.

गायीची बाजू माहीत असली की ही पद्धत किती अचूक ठरते, याचा पुरावा देवीच्याच कुळातून मिळतो. माणसांच्या देवीच्या लशीत वापरला गेलेला व्हॅक्सिनिया विषाणू लम्पीच्या विषाणूचा लांबचा भाऊ. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या सगळ्या प्रथिनांतून संगणकाने सर्वोत्तम एक टक्का, म्हणजे २,२५६ तुकडे निवडले, ते सगळे प्रयोगशाळेत बनवले आणि विषाणू टोचलेल्या उंदरांच्या टी-पेशींवर एकेक तपासले. त्यांतले ४९ तुकडे खरे निघाले, आणि त्या ४९ तुकड्यांनी त्या वर्गाच्या टी-पेशींच्या एकूण प्रतिसादाचा ९५ टक्के भाग समजावून दिला. हा आकडा दोन्ही अंगांनी वाचायला हवा. नव्याण्णव टक्के मजकूर बाजूला सारूनही संगणकाने जवळपास काहीच महत्त्वाचं गमावलं नाही, हे त्याचं सामर्थ्य. पण निवडलेल्या २,२५६ पैकी बावीसशेच्या आसपास तुकडे निरुपयोगी निघाले, आणि खरे कोणते हे तपासल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं. शिवाय ते उंदीर एकाच शुद्ध वाणाचे होते. त्यांच्या मांडणी-रेणूंची घडण अक्षरन्‌ अक्षर माहीत होती आणि प्रत्येक उंदराची सारखीच होती. विट्याच्या खानापूर तालुक्यात अशी एकसारखी दावण कुठेही नाही.

दावण एकसारखी नसते तेव्हा काय होतं, याचं उत्तर पूर्व आफ्रिकेतल्या गायींनी दिलं आहे. तिथल्या गोचीडतापाचा जंतू, थायलेरिया पार्व्हा, हा विषाणू नाही, परजीवी आहे. पण तो पेशीच्या आत राहतो आणि गाय त्याला टी-पेशींनीच रोखते, म्हणून त्याचा दाखला इथे लागू पडतो. ए-१८ नावाचा मांडणी-रेणूंचा संच असलेल्या गायींच्या टी-पेशींचा बहुतेक मारा या परजीवीच्या टीपी-१ या प्रथिनावर होतो, तर ए-१० संच असलेल्या गायींचा टीपी-२ या दुसऱ्याच प्रथिनावर. परजीवी तोच, रोग तोच, आणि दोन गायींसाठी लक्ष्यं मात्र वेगळी. ए-१८ च्या कळपावर अभ्यास करून टीपी-१ ची लस बनवली आणि ती ए-१० च्या कळपाला टोचली, तर प्रयोगवहीत सगळं बरोबर असूनही गोठ्यात काही हाती लागणार नाही. लशीचं लक्ष्य विषाणूच्या अंगावर आधीपासून कोरलेलं नसतं. विषाणू आणि विशिष्ट गाय यांची गाठ पडते तेव्हा ते ठरतं. संगणकाला दोहोंपैकी एकच बाजू दिली, तर तो दुसरी बाजू कुठून तरी उसनी घेतो, आणि आजवर ती बहुतेक वेळा युरोपीय वंशाच्या गायींकडून घेतली गेली आहे.

गोवंशाच्या लशींच्या इतिहासात या चुकीची किंमत एकदा मोजून झालेली आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूच्या कवचावर व्हीपी-१ नावाचं प्रथिन आहे आणि त्यातून एक लवचीक फासा बाहेर डोकावतो. १९८२ मध्ये संशोधकांनी जनुकीय मजकुरावरून अंदाज बांधून या फाशाचा, १४१ ते १६० क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा, तुकडा कृत्रिमरीत्या जोडून तयार केला आणि गिनीपिगांना टोचला. गिनीपिग वाचले. विषाणू न वाढवता, केवळ मजकूर वाचून लस बनवता येईल ही आशा तेव्हा पहिल्यांदा ठोसपणे जागी झाली, आणि ती रास्त होती. मग १९९७ मध्ये अर्जेंटिनातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १३८ गुरांवर वेगवेगळे तुकडे तपासले गेले आणि एकाही तुकड्याने ४० टक्क्यांपेक्षा जास्त जनावरांना संरक्षण दिलं नाही. एवढंच नाही, तर न वाचलेल्या गुरांतून मिळालेल्या काही विषाणूंनी तोच फासा बदलून लशीला चकवलेलं आढळलं. चीनमध्ये डुकरांसाठी अशा तुकड्यांच्या लशी पुढे वापरात आल्या, तेव्हा ही वाट सरसकट बंद आहे असं म्हणता येणार नाही. पण गायीच्या बाबतीत दोन धडे स्पष्ट आहेत. एका-दोन तुकड्यांवर भिस्त ठेवली की वैविध्य असलेल्या कळपातली बरीच जनावरं उघडी पडतात, आणि झपाट्याने बदलणारा विषाणू त्या एका जागी बदल करून निसटतो.

हे माहीत असूनही गेल्या काही वर्षांत लम्पी आणि लाळ्या-खुरकुतावर ‘संगणकाने रचलेल्या बहुतुकडी लशी’ सुचवणारे शोधनिबंध भराभर येत आहेत. मांडणी बहुधा ठरलेली असते. मजकूर उतरवून घ्यायचा, तुकडे निवडायचे, दुव्यांनी एकमेकांना जोडायचे, त्या साखळीचा आकार संगणकाने काढायचा आणि ती प्रतिकारप्रणालीच्या रेणूंना चिकटते असं पडद्यावर दाखवायचं. शेवटच्या परिच्छेदात प्रयोगशाळेतल्या चाचण्यांची गरज सांगितलेली असते आणि बहुतेक वेळा त्या चाचण्या कधीच होत नाहीत. विटा, खानापूर, आटपाडी, माण या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो: सराफाच्या दुकानातली माती गोळा केली, धुतली, गाळली, तरी हातात उरतो तो अजून सोनं असण्याची शक्यता असलेला गाळच. मुशीत आटवून कस लागेपर्यंत कुणी त्याचा भाव करत नाही. संगणकाची यादी ही त्या गाळलेल्या मातीच्या अवस्थेतली चीज आहे. तिला तिथेच ‘लस’ म्हणणं मला पटत नाही, कारण त्यामुळे शेतकऱ्याची आशा आणि संशोधनाचा निधी दोन्ही चुकीच्या टप्प्यावर अडकून पडतात.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. भारतातून गुरांची बुळकांडी (रिंडरपेस्ट) हद्दपार झाली, २०११ मध्ये जगातून तिचं निर्मूलन जाहीर झालं, आणि या सगळ्यात कुठल्याही संगणकाने लक्ष्य शोधून दिलं नव्हतं. पुण्यात १८८९ मध्ये सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला हलवलेली प्रयोगशाळा, तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तिथे १९२० च्या दशकात एडवर्ड्‌स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा नेऊन दुबळा केला आणि त्याच्या लशीने लाखो गुरं वाचली. लम्पीच्या बाबतीतही हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने रांचीतला २०१९ चा विषाणू पेशींवर पन्नासेक पिढ्या वाढवून दुबळा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी-प्रोव्हॅक ही लस पुढे आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेलाही मिळालं. अख्खा जिवंत विषाणू टोचला की त्यातली दीडशेच्या आसपास प्रथिनं एकदम शरीरापुढे येतात. मग गाय कुठल्याही वंशाची असो, आपल्याला जमेल तो तुकडा ती उचलते. तर मग लक्ष्यं शोधत बसायचं कशाला?

आक्षेपातला निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे. आज साथ आली तर दुबळा केलेला विषाणू हीच लस हवी, आणि तिच्या ऐवजी संगणकी साखळी टोचा असं कुणी म्हणू नये. पण बुळकांडीचा विषाणू एकाच प्रतिकारप्रकाराचा होता आणि एकदा टोचलेली लस गायीला जन्मभर पुरायची. लाळ्या-खुरकुताचे सात प्रकार आहेत. त्यांतले ओ, ए आणि आशिया-१ हे तीन आपल्याकडे आहेत आणि लशीचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाला पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये ठेवावे लागले आणि लाळ्या-खुरकुताच्या लशीच्या वर्षातून दोन फेऱ्या ठरवाव्या लागल्या, त्याचं मोठं कारण हेच. लम्पीच्या जिवंत लशींबाबत दुसरी अडचण आहे. २०१७ पासून रशियात, पुढे चीन आणि आग्नेय आशियात लशीतला विषाणू आणि रानातला विषाणू यांच्या सरमिसळीतून तयार झालेले नवे वाण आढळले आहेत. तिसरी अडचण रोजच्या व्यवहारातली. जिवंत लस दिलेल्या गायीच्या रक्तातली प्रतिपिंडं आणि रोग होऊन गेलेल्या गायीच्या रक्तातली प्रतिपिंडं सारखीच दिसतात. लाळ्या-खुरकुतात लशीतून विषाणूची काही बिगर-कवची प्रथिनं धुऊन काढतात, म्हणून त्यांची प्रतिपिंडं ज्या गायीत सापडतील तिला रोग झाला होता असं म्हणता येतं. लम्पीच्या लशीतून कुठलं प्रथिन वगळलं तर संरक्षण घटणार नाही, पण ओळख मात्र पटेल? हा प्रश्न दीडशे जनुकांतून निवड करण्याचा आहे आणि ती निवड संगणकाशिवाय आंधळी ठरते. पुरा विषाणू वापरायचा असला, तरी त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवायला लक्ष्यांचा नकाशा लागतोच.

संगणकाने प्रत्यक्ष लस सुधारल्याचा एक दाखला तर थेट आपल्या उन्हाळ्याशी जोडलेला आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचं कवच बारा पंचकांचं बनलेलं असतं आणि ही पंचकं एकमेकांना फार सैलपणे धरून असतात. उष्णता लागली किंवा आम्लता वाढली की कवच सुटं होतं आणि सुट्या पंचकांवर शरीर चांगली प्रतिपिंडं बनवत नाही. लस दोन ते आठ अंशांत ठेवण्याचा आग्रह धरतात तो यासाठीच. एप्रिल-मे महिन्यात विट्याच्या दवाखान्यातून निघालेली बर्फाची पेटी घाटमाथ्यावरच्या शेवटच्या वाडीपर्यंत जाता-जाता ऊन किती तापलेलं असतं, हे तिथल्या लसटोचकांना सांगावं लागत नाही. ओ हा आपल्याकडे सर्वांत जास्त साथी घडवणारा प्रकार, आणि नेमकं त्याचंच कवच विशेष ठिसूळ. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पंचकांमधल्या जोडांची ताकद संगणकावर मोजली, कुठलं अमिनो आम्ल बदललं तर जोड घट्ट होईल याची क्रमवारी लावली आणि तसे बदल केलेली रिकामी कवचं प्रत्यक्ष तयार केली. ती उष्णतेत जास्त टिकली आणि टोचलेल्या जनावरांत जास्त प्रभावी प्रतिपिंडं तयार झाली. या यशाचं कारण नीट लक्षात घ्यायला हवं. तिथे विचारलेला प्रश्न निव्वळ विषाणूच्या रचनेचा होता, कवच टिकेल की नाही एवढाच, आणि ती रचना अणूपर्यंत माहीत होती. जिथे प्रश्नाला लागणारी सगळी माहिती पुरी आहे तिथे संगणक खरा ठरतो. टी-पेशींच्या लक्ष्यांत गायीची बाजू रिकामी आहे, म्हणून तिथे तो चाचपडतो.

यावर संगणकतज्ज्ञांचं म्हणणं असं, की प्रत्येक गायीची खाच स्वतंत्रपणे मोजायची गरज नाही. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात घडलेल्या नेटएमएचसीपॅनसारख्या प्रणाली ओळखीच्या खाचांवरून अनोळखी खाचांचा अंदाज बांधतात. खाचेतली मोजकी अमिनो आम्लं कळली की पुरे. हे खरं आहे आणि चतुराईचं आहे. पण असा अंदाज ओळखीच्या नमुन्यांपासून जितका दूर जाईल तितका ढासळतो, हेही याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. गायींच्या पेशींवरचे खरोखर मांडलेले तुकडे सोडवून, वस्तुमान-वर्णपटमापकाने (मास स्पेक्ट्रोमीटर) वाचून, ते जेव्हा प्रणालीला शिकवले गेले, तेव्हा गायींबाबतची अचूकता लक्षणीय वाढली. ज्या गायींच्या पेशींवरून ती शिकली त्या प्रामुख्याने होल्स्टीन आणि तत्सम युरोपीय वंशाच्या. खिलार हा वशिंडाचा गोवंश. युरोपीय गुरांपासून त्याची वाट लाखो वर्षांपूर्वी फुटलेली आहे, दोन्हींचं माणसाळणंही वेगवेगळ्या भूभागांत झालं. म्हणून अनोळखी खाचांचा अंदाज जिथे सर्वांत कमकुवत, तिथेच नेमका आपला खिलार उभा आहे.

मग लाखो गायींचं रक्त तपासायचं का, आणि तो खर्च कोण करणार? दूध उत्पादकाच्या वतीने विचारलेला हा प्रश्न रास्त आहे. पण संकरित गायींच्या बाबतीत एक सोय उघड्यावर पडून आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. प्रत्येक वळूकडे मांडणी-जनुकांचे दोनच संच असतात आणि त्याच्या प्रत्येक कालवडीला त्यांतला एक मिळतो. कृत्रिम रेतनामुळे एका वळूच्या रेतमात्रा हजारो गायींपर्यंत पोचतात. तेव्हा सांगली-साताऱ्यातल्या संकरित कालवडींचा निम्मा वारसा मोजक्या वळूंकडून आलेला आहे, आणि ते वळू राज्याच्या रेतन प्रयोगशाळांत, उरुळी कांचनच्या बाएफसारख्या संस्थांत नोंदीसकट उपलब्ध आहेत. तेवढ्या वळूंचे संच वाचले, तर भिलवडीपासून विट्यापर्यंत डेअरीला दूध घालणाऱ्या असंख्य गायींची निम्मी बाजू त्यांना हात न लावता दोनच शक्यतांपर्यंत आक्रसते. खिलारीत हा मार्ग पुरा पडणार नाही, कारण तिथे नामांकित वळूकडे गाय घेऊन जाण्याची चाल अजून टिकून आहे. पण मग खरसुंडीच्या यात्रेतल्या खिलार बाजारात आटपाडी, म्हसवड, पंढरपूरकडची जनावरं एकाच माळावर येतात. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद घेऊन, शेपटीचे मुळासकट चार केस मालकाच्या संमतीने घेतले तरी जनुकं वाचायला ते पुरतात. रक्ताचीही गरज नाही. लम्पीने मेलेल्या दुधाळ गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये भरपाई राज्याने दिली. काही शे वळूंचं वाचन आणि काही शे खिलारांचे केस हा खर्च त्या रकमांशेजारी मांडून पाहावा, मग तो चैनीचा वाटतो का ते ठरवावं.

एवढं झालं की कस लावण्याचं काम उरतं, आणि त्यासाठी एकाही गायीला मुद्दाम रोग द्यावा लागत नाही. लस घेतलेल्या गायी गावोगाव आहेतच. त्यांच्या मानेच्या शिरेतून रक्ताची एक नळी घ्यायची, ती गोठू द्यायची नाही, बर्फात घालायची नाही. पेशी जिवंत राहायला हव्यात, म्हणून नेहमीच्या हवेच्या तापमानात, काही तासांत ती प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विट्याहून कराडमार्गे महामार्गाने थेट. तिथे रक्ताचे छोटे वाटे करून एकेका वाट्यात संगणकाने निवडलेला एकेक तुकडा घालायचा आणि रात्रभर शरीराच्या तापमानात ठेवायचं. लशीने शिकवलेल्या टी-पेशींना तो तुकडा ओळखीचा वाटला, तर सकाळी त्या वाट्यात इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशरेणू वाढलेला असतो आणि तो मोजता येतो. क्षयरोग झालेली गुरं शोधायला हीच चाचणी जगभर वापरतात, तेव्हा तंत्र नवं नाही. खिलार आणि संकरित, दोन्ही गटांत उजळणारे तुकडे हे पुढच्या लशीचे खरे उमेदवार. एकाच गटात उजळणारे तुकडे जोडीने घ्यावे लागतील, आणि कुठेच न उजळलेले, मग पडद्यावर ते कितीही वर असोत, यादीतून काढावे लागतील. नळ्या कधी घ्यायच्या हेही ठरवून ठेवायला हवं: लसीकरणाच्या फेरीआधी एकदा आणि नंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच जनावरांची दुसऱ्यांदा, कारण लशीने काय शिकवलं आणि आधीच्या साथीने काय शिकवून ठेवलं होतं, हे एकाच नळीतून वेगळं करता येत नाही.